दुसरा रिमोट
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



आतापर्यंत सगळे शाळेबद्दल बोलले. मी शाळा सुटल्यानंतरच्या दोन तासांबद्दल बोलणार आहे. गृहपाठ का होत नव्हता, हे सरांना आज कळेल. माफी असावी.

आठवीत असताना मामानं पुण्याहून मला व्हिडिओ गेम आणला. निन्टेन्डोचं फॅमिकॉम १९८३ साली जपानात आलं, त्याची ही स्वस्तातली नक्कल, हे फार पुढं कळलं. आमच्या गल्लीत तो पहिलाच. टीव्हीची अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची, कॅसेटमध्ये फुंकर मारायची आणि मारिओ सुरू! कासवं, नाणी, हिरवे नळ, कुत्र्याची छत्री खाऊन मोठा होणारा तो मिशीवाला. तुमच्यातले निम्मे जण आमच्या घरी बसून तो खेळलात, आणि लाईट गेली की भूमच्या वीज मंडळाला शिव्या घालत घरी गेलात.

गेल्या दिवाळीत मुलीनं तिच्या नव्या यंत्रावर तोच गेम लावला. वाटलं होतं, आता पोरकट वाटेल. तसं झालं नाही. १३ सप्टेंबर १९८५ला आलेला हा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचला, संगीत कोजी कोंडो यांचं. अख्खा गेम ४० केबीत बसवलाय. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं ‘शुभ सकाळ’चं चित्रही बहुतेक वेळा याहून मोठं असतं. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांना एकच चित्र वापरलंय, फक्त रंग बदललाय. इतकी वर्षं खेळलो, आपल्यापैकी कुणाच्या लक्षात आलं होतं?

आणि शिकवण्याची पद्धत बघा. पहिल्याच टप्प्यात समोरासमोर दोन जिने येतात. मधे सपाट जमीन. पडलं तरी काही होत नाही. थोडं पुढं तसेच जिने, पण आता मधे खड्डा. आपले गणिताचे सर आधी फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवायचे आणि मग तसंच थोडं अवघड आपल्याला घालायचे, अगदी तसं.

पण मी उभा राहिलोय तो वेगळ्याच कारणासाठी.

या गेममध्ये दोघं खेळायला बसले तरी एका वेळी एकच खेळतो. पहिल्याचा मारिओ मेला, की दुसऱ्याच्या लुईजीचा नंबर. पहिला मेलाच नाही, तर दुसऱ्यानं नुसतं बसायचं. आमच्या दुसऱ्या रिमोटला तर स्टार्टचं बटणही नव्हतं. गेम माझा, म्हणून पहिला रिमोट कायम माझ्याकडं. दुसरा धरून रोज बसायचा आपल्याच वर्गातला एक मित्र. त्याच्या घरी खव्याची भट्टी. संध्याकाळचं दूध आलं, की त्याला पळावं लागायचं. मी खेळत राहायचो, कधी कधी मुद्दाम सावकाश. कितीदा तरी तो एकही डाव न खेळता उठून गेलाय.

बसून बसून त्यानं एक केलं. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं अख्ख्या मारिओचे नकाशे काढले. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावर चढून पळत गेलं, की थेट चौथ्या जगात नेणारा नळ सापडतो, हे त्यानं हेरलं. चौथ्या जगात एका विटेतून वेल निघते आणि ती आठव्या जगाकडं नेते, हेही त्यानंच. ३२ टप्प्यांपैकी ८ खेळून शेवट गाठता येतो, हे त्याच्या वहीत होतं. शेवटच्या किल्ल्यात चुकीच्या नळात शिरलं, की फिरून मागंच. तिथंही तो शेजारून सांगायचा, “ह्यात नको, पुढच्यात शीर.”

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी राजकन्या सोडवली. शाळा उघडल्यावर वर्गभर सांगत फिरलो. त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. तो मागच्या बाकावर बसून हसत होता.

गेल्या दिवाळीत पहिला रिमोट मुलीच्या हातात होता. ती मरेचना. मी दुसरा धरून बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग तीच थांबली आणि म्हणाली, “बाबा, तुमचा नंबर येतच नाहीये. हा घ्या माझा.” बारा वर्षांच्या पोरीला जे सुचलं, ते मला तीन वर्षं सुचलं नव्हतं. त्या रात्री मी त्याला फोन केला. बोललो सगळं. तो म्हणाला, “येड्या, मला बघायलाच मजा यायची.” आता हे खरं, की माझं मन राखायला म्हणाला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो आज इथंच बसलाय. नाव घेऊ नको म्हणालाय. पण मघाशी जेवणात ज्या पेढ्यांना सगळ्यांनी दाद दिली, ते त्याच्याच भट्टीच्या खव्याचे. आणि मित्रांनो, त्या वेळी मारिओ मी जिंकलो नव्हतो, त्यानं जिंकून दिला होता. पंचवीसहून जास्त वर्षं उशिरा का होईना, वर्गासमोर सांगायचं होतं, ते सांगितलं.

मुलीचं यंत्र मी सोबत आणलंय. आपल्या जुन्या दहावी अ च्या खोलीत टीव्हीला जोडून ठेवलंय. पहिला रिमोट त्याचा. दूध यायची घाई आज नाही. मी शेजारी बसतो.