विमानप्रवास आणि मुखपट्टी
(पेण येथील भाषण)



पेणच्या गणेशमूर्ती पूर्वीपासून परदेशी जातात. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्याने आता आपल्या माणसांनाही जिल्ह्यातूनच विमान मिळते. म्हणून करोनाकाळातील नियमांची उजळणी अगत्याची वाटते.

मार्च २०२० मध्ये थांबलेली देशांतर्गत विमानसेवा २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली, ती मुखपट्टीच्या सक्तीसह. पुढे मधल्या आसनावरील प्रवाशास अंगभर झगाही देण्यात येऊ लागला. मुखपट्टी नाकाखाली ओढून झगा मिरविणारे प्रवासी मात्र व्यर्थच घामाघूम होत!

उड्डाणात विमानातील हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि सूक्ष्म गाळण्यांतून जाते. परंतु शेजाऱ्याच्या खोकल्याचे तुषार गाळणीपर्यंत पोहोचण्याआधी आपल्यापर्यंत पोहोचतात. मुखपट्टीची खरी गरज त्या हातभर अंतरात, तसेच तपासणीच्या रांगेत व दाटीच्या बसमध्ये असते.

१६ नोव्हेंबर २०२२ रोजी सक्ती उठली. निर्णय प्रवाशाच्या विवेकावर आला. ताप-खोकला असल्यास प्रवास पुढे ढकलावा. ते अशक्यच असेल, तर नाक-तोंड नीट झाकावे आणि घरी वृद्ध मातापित्यांजवळ जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.