पुलाला टिचकी मारणारं यंत्र

मी इंझोरीहून बोलतोय, वाशिम जिल्ह्यातून. पावसाळ्यात आमच्याकडे दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत जो तो घरातून निघायच्या आधी एक फोन करतो, "रपट्यावरून पाणी हाय का?" पलीकडच्या गावातलं कुणीतरी जाऊन बघून सांगतं. आज हेच काम करणाऱ्या, आणि त्याहून थोडं जास्त करणाऱ्या बिनतारी सेन्सरबद्दल बोलू.

मडकं घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना? आवाज बद्द आला की समजायचं, तडा आहे. पुलाचंही तसंच. ट्रक गेला की पूल थरथरतो. सेकंदाला किती वेळा थरथरायचं, हे प्रत्येक पुलाचं ठरलेलं असतं. सेन्सर तेवढं मोजतो. पाया सैल झाला की पुलाचा ताठरपणा कमी होतो आणि हा आकडा उतरतो. गोची अशी, की नुसत्या उन्हानंही आकडा हलतो. त्यामुळे एका दिवसाच्या मोजणीवर काही ठरवता येत नाही, वर्षभर मोजत राहावं लागतं.

मग बॅटरी पुरणार कशी? यावर आयआयटी कानपूरच्या मंडळींनी रेल्वे पुलांसाठी छान तोड काढली होती. २००८ साली त्यांनी ती मांडली, नाव ब्रिमॉन. सेन्सर एरवी झोपलेले. गाडी जवळ आली की जागे होतात, थरथर टिपतात, आणि साठवलेली माहिती जाणाऱ्या गाडीच्याच हवाली करतात. पुलाजवळ मोबाईलची रेंज नसली तरी अडत नाही. मला ही कल्पना फार आवडते.

आता महाडची गोष्ट. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, सावित्रीला पूर. मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या त्यात गेल्या. पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती! पण मे महिन्यात नदीत पाणी असतं किती? पुराच्या जोरानं खांबाच्या बुडाखालची माती खरवडली जाते, आणि पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं पुन्हा भरतो. नंतर येणाऱ्या साहेबाला सगळं सपाट दिसतं. खड्डा असतो तो नेमका पुराच्या रात्री, जेव्हा तिथं उतरणं कुणालाच शक्य नसतं. सेन्सरची खरी गरज आहे ती त्या रात्री.

आणखी एक. पूल गेल्यावरही मागच्या गाड्या येतच होत्या. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं, त्यानं आरडाओरडा करून वाहनं थांबवली. म्हणजे "पूल आता नाही" एवढी साधी खबर द्यायलासुद्धा तिथं यंत्र नव्हतं.

त्याच सावित्रीवर कोकण रेल्वेचाही पूल आहे, वीर आणि सापे वामने या स्थानकांच्या मध्ये. तिथं पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे. पाणी धोक्याच्या पातळीवर गेलं की अधिकाऱ्यांना कळतं, आणि रेल्वेत गाडी थांबवायचा अधिकार कुणाचा, हे आधीच ठरलेलं असतं. रस्त्याचं घोडं इथंच पेंड खातं. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार जण गेले. तो पूल धोकादायक आहे हे सांगायला सेन्सर लागत नव्हता, तसा फलकच होता तिथं. माणसं तरी पुलावर होतीच.

म्हणून आमच्यासारख्या गावाला थरथर मोजणारं महागडं यंत्र आधी नको, असं माझं मत. पाण्याची पातळी सांगणारा एक सेन्सर, दोन्ही काठांना फाटक, आणि ते फाटक रात्री दोन वाजता कोण पाडणार त्याचं नाव. यातलं तिसरं मिळवणंच सगळ्यात अवघड आहे, बरं का.

तुमच्या गावच्या पुलावर हे काम कोण करतं, तेवढं मला कळवा.