एक रकाना कमी

इंटरनेटवर दुसऱ्याच्या मालाचा दुवा द्यायचा आणि गिऱ्हाईक मिळालं की दलाली घ्यायची, ही पद्धत अॅमेझॉनने १९९६ मध्ये अवलंबली. मीही तेच करतो.

एका शिकवणी संस्थेच्या दुव्यावरून माणसं नोंदणीच्या अर्जापर्यंत जात आणि परत फिरत. अर्ज पूर्ण झाला तरच दलाली! दोन महिने माझ्या हाती रुपयाही पडला नाही. शेवटी मी आईलाच अर्ज भरायला बसवलं. एकूण चौदा रकाने. ‘वार्षिक उत्पन्न’ येताच तिने चष्मा काढला. "शिकवणी लावायची आहे की सोयरीक जमवायची?"

एक्स्पीडिया या प्रवास कंपनीच्या अर्जात ‘कंपनी’ असा रकाना होता. काही लोक तिथे आपल्या बँकेचं नाव लिहीत, मग पत्ताही बँकेचाच देत. कार्डाचा पत्ता जुळत नसे आणि व्यवहार फिसकटे. तो एक रकाना काढल्यावर वर्षाचा नफा १ कोटी २० लाख डॉलरनी वाढला, असं कंपनीने २०१० मध्ये सांगितलं.

आईचं बोलणं मी संस्थेला कळवलं. आता तिथे फक्त नाव आणि मोबाइल विचारतात. बाकीचं प्रवेशाच्या वेळी. माझी दलालीही सुरू झाली.

दारी आलेल्याला आधी पाणी द्यावं, चौकशी मागाहून.