सहा महिन्यांची सोबत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा हुकूम आहे, "तू डॉक्टर आहेस, तब्येतीवर दहा मिनिटे बोल." पन्नाशी ओलांडलेल्या वर्गाला साखर, बीपी आणि गुडघे यांबद्दल काय सांगायचे? ते ज्ञान तुम्हाला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याआधी पोहोचते. म्हणून आपल्या भिवंडीत ज्याचे नाव अजूनही आवाज खाली करून घेतात, त्या आजारावर बोलतो. क्षयरोग, म्हणजे टीबी.

आपल्या शेजारच्या कल्याणात 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकून 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने गेल्या. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882 सालीच दाखवून दिला होता. पण त्यावर चालणारे पहिले औषध यायला 1940 चे दशक उजाडावे लागले. आनंदीबाई स्वतः डॉक्टर होत्या, तरी त्या काळी कुणाच्याच हातात औषध नव्हते. आज ते आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि तरीही माणसे मरतात. ती का, एवढेच मला सांगायचे आहे.

यंत्रमागाचा कारखाना आपल्याला नवा नाही. अर्ध्या वर्गाची घरे त्या खटखटीवर चालली. बारा तासांची पाळी, बंद खोली, हवेत सुताची धूळ. पाळी संपली की भिसीत जेवायचे आणि एका खोलीत दहा-बारा जणांनी झोपायचे. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. त्याला अशी खोली मानवते. शिवाय इथे खोकल्याला कारण तयारच असते. "सुताची धूळ आहे हो, सगळेच खोकतात." या एका वाक्यात कारागिराचे दोन महिने जातात. खोकल्याची बाटली, मग दुसरी बाटली, मग दुसरा डॉक्टर.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, वजन उतरणे, थुंकीतून रक्त. यातले काहीही असेल तर थुंकी तपासायची. आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रावर काही तासांत जंतू आहे का ते कळते, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का तेही कळते. ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचे आहे. टीबीसाठी रक्तातली अँटिबॉडी तपासायच्या जुन्या चाचण्यांवर मात्र 2012 पासून बंदी आहे, कारण त्या विश्वासार्ह नव्हत्या. आणि टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. मानेतल्या गाठी, मणका, गर्भाशय, कुठेही होतो. बायकांमध्ये तो पुष्कळदा असाच लपून बसतो, आणि निदान झाले की कित्येकींची रवानगी माहेरी होते.

साध्या टीबीचा उपचार सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत इतरांना लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो. खरी अडचण दुसऱ्या महिन्यात येते. ताप जातो, भूक लागते, माणसाला वाटते आपण बरे झालो.

आता आपल्याच वर्गातल्या एका मित्राची गोष्ट. तो आज इथे बसला आहे. "नाव सोडून सगळे सांग," असे त्याने स्वतःच सांगितले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याला टीबी निघाला. शेठला कळले आणि दुसऱ्या दिवशी हिशेब हातात पडला. मागावर पगार मीटरवर, म्हणजे ज्या दिवशी माग नाही त्या दिवशी पैसा नाही. त्याने दुसरीकडे काम धरले. तिथे कळू नये म्हणून औषध घ्यायला दवाखान्यात जाणे थांबवले. थोडे बरेही वाटत होते. वर्षभराने तो माझ्याकडे आला तेव्हा नेहमीच्या गोळ्या चालेनाशा झाल्या होत्या. मग दोन वर्षे उपचार, त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्याने एका कानाचे ऐकू येणे गेले. बायकोने घरी पापड लाटून संसार ओढला. मुलीच्या सोयरिकीत बापाचा आजार लपवावा लागला. आज तो पूर्ण बरा आहे. मगाशी डाव्या बाजूने हाक मारल्यावर त्याने ओ दिली नाही, तो शिष्टपणा नव्हता, एवढे आता तुम्हाला कळले असेल.

आपल्याच वर्गातला दुसरा मित्र कारखानदार आहे. त्याच्या एका कारागिराला टीबी झाला तेव्हा त्याने मला फोन करून एवढेच विचारले, "किती दिवस घरी ठेवू?" मी म्हणालो, "दोन-तीन आठवडे, मग पुन्हा तपासून सांगतो." त्याने तेवढे दिवस खाडे धरले नाहीत, भिसीचा खर्च स्वतः दिला आणि गोळ्यांची आठवण करायचे काम मुकादमावर सोपवले. तो कारागीर सहा महिन्यांत बरा झाला. त्याच मागावर आजही आहे.

दोघांनाही तेच औषध मिळत होते. एकाची नोकरी टिकली म्हणून औषध टिकले. दुसऱ्याची गेली म्हणून औषध गेले. माझ्या अनुभवाचे सार एवढेच आहे.

आता औषधोपचारही सोपा होत चालला आहे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी 2024 मध्ये केंद्र सरकारने इंजेक्शन नसलेल्या, साधारण सहा महिन्यांच्या चार औषधांच्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाला आहारासाठी बँकेत दरमहा 500 रुपये मिळत, ते त्याच वर्षी नोव्हेंबरपासून 1000 झाले. आहाराला हलके समजू नका. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबाला जादा धान्य-डाळ दिल्यावर घरातल्या इतरांना टीबी होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून तिघांना तीन विनंत्या. कारखानदार मित्रांनो, टीबी झालेल्या माणसाला काढू नका. काढलात तर तो बरा न होता दुसऱ्याच्या खोलीत जाऊन झोपेल. गुरुजन आणि शिक्षक झालेल्या मैत्रिणींनो, एखादे मूल वारंवार गैरहजर असेल तर घरात कुणी आजारी आहे का, हळूच विचारा. रुग्णाच्या घरातल्या सर्वांची तपासणी करायची असते आणि ज्यांना टीबी नाही त्यांना प्रतिबंधक औषधही मिळते. आणि बाकीच्यांनो, सरकारच्या 'निक्षय मित्र' योजनेत कोणालाही एका रुग्णाला सहा महिने शिधा देता येतो. आजच्या जेवणावर आपण जो खर्च केला, त्यातून शिल्लक उरली तर खजिनदारांनी ती कशाला वापरावी, हे मी सुचवून ठेवतो.

वर्गात बोलल्याबद्दल याच शाळेत मी बाकावर उभा राहिलो आहे, आज माइकसमोर उभे केलेत, ही प्रगतीच आहे. पाने मांडली आहेत, तुम्हाला फार थांबवत नाही. फक्त मी बोलत असताना मागच्या दोन बाकांवर कुणीतरी सारखे खोकत होते. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर जेवणानंतर मला भेटा. आज फी नाही.