पाटा, टायर आणि पासिंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने अमेरिकेतून एक फोटो पाठवला. तो टेक्सासमध्ये नोकरीला आहे. त्याने नवी पिकअप घेतली होती आणि गाडीजवळ हाताची घडी घालून उभा होता. खाली लिहिले होते, 'मामा, नाक उचलून घेतलं. लेव्हल झाली बघा.'

मला काही कळेना. मग फोनवर त्याने समजावून सांगितले. तिकडच्या पिकअप कारखान्यातूनच मागून थोड्या उंच येतात. हौद्यात वजन पडले की मागची बाजू बसते आणि गाडी सपाट होते. पण तिकडे बऱ्याच लोकांच्या हौद्यात वर्षभर काही पडत नाही. मग गाडी पुढे वाकलेली दिसते, ती डोळ्यांना बरी वाटत नाही. म्हणून पुढच्या सस्पेन्शनमध्ये दीड-दोन इंचांचे ठोकळे बसवतात, त्याला लेव्हलिंग किट म्हणतात, आणि वर मोठे टायर चढवतात.

मी तो फोटो माझ्या पुतण्याला दाखवला. तो रावेरहून केळी वाहतो. तो हसून म्हणाला, "नाना, त्यांचं नाक खाली जातं, आपली शेपटी खाली जाते. दुखणं एकच."

दुखणे एकच, हे काही खरे नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या दारात एक पिकअप उभी होती, पाच वर्षे वापरलेली, आणि तिला सपाट कसे करायचे यावरून आमच्या घरात वाद चालू होता. आज त्याबद्दल बोलायचे आहे.

आमच्या लहानपणी केळीचे घड बैलगाडीतून निघत. गाडी भरताना आजोबा मागे उभे राहून बघत. मागे जास्त भार गेला की जू वर उचलायचे, बैलांच्या माना ताणायच्या. गाडी 'उलाळ' झाली म्हणत. मग चार घड पुढे सरकवायचे. हे ज्ञान त्या काळी पोरासोरांनाही होते. पुढे १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००५ मध्ये टाटा एस आली, जिला सगळ्या देशाने 'छोटा हत्ती' म्हटले, आणि महिंद्राच्या पिकअप तर आज रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या पट्ट्यात बांधाबांधावर दिसतात. बागेतून माल काढायचा, ट्रकपर्यंत किंवा थेट बाजारापर्यंत न्यायचा, हे काम आता त्यांचे. पण उलाळ होणे काही संपलेले नाही. फरक एवढाच की बैल मान ताणून सांगत असे, आणि पिकअपचे स्टिअरिंग नुसते हलके होते. नवख्या ड्रायव्हरला वाटते, वा, गाडी किती मऊ चालते!

तर ही जुनी पिकअप. पेट्रोल पंपाच्या सिमेंटच्या सपाट जमिनीवर ती रिकामी उभी केली आणि टेप लावला. चाकाच्या मध्यापासून वर चासीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. मागची डावी बाजू उजवीपेक्षा सव्वा इंच खाली. म्हणजे डावीकडचे पाटे बसलेले. टायर चारही संपत आलेले. पुतण्याचे म्हणणे, धुळ्याला जाऊ, दोन्हीकडे दोन-दोन जादा पाटे टाकू, मागे थोडे मोठे टायर चढवू, गाडी पुन्हा बसणार नाही. सगळेच तसे करतात. सगळेच करतात, हे मात्र खरे.

धुळ्यालाच का? तर मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. देशभरचे ट्रक तिथून जातात, त्यामुळे पाटेवाले, टायरवाले, रबरिंगवाले यांची तिथे रांग आहे आणि हात बसलेले कारागीर आहेत. आम्ही सकाळी निघालो. बरोबर आमचा जुना ड्रायव्हर होता. तो आता गाडी चालवत नाही, पण धुळ्याचा उस्ताद त्याच्या ओळखीचा.

पारोळ्याला चहाला थांबलो. तिथे तो एकदम पुतण्याला म्हणाला, "इथंच थांबलो होतो त्या दिवशी."

ही गोष्ट २०११ च्या मे महिन्यातली. तेव्हाची आमची पिकअप मी स्वतः पाटे वाढवून घेतली होती. पाटे वाढवल्यावर पहिला आनंद असा होतो की गाडी बसतच नाही. १७ क्विंटल भरले तरी ताठ, २० भरले तरी ताठ. त्या दिवशी २४ क्विंटल होते. मागचे टायर रबरिंग केलेले, तेही दुसऱ्यांदा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर असतो, रस्त्याचे डांबर त्याहून कितीतरी तापते. पारोळ्याला ड्रायव्हरने मला फोन केला, रबराचा वास येतोय, तासभर सावलीत थांबतो. मी म्हणालो, बाजार निघून जाईल, निघ. फागण्याच्या अलीकडे उजवे मागचे टायर फुटले, गाडी फिरली आणि बाभळीवर गेली. त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. आत पट्टी आहे. पावसाळ्यात तो अजून लंगडतो.

फोनची ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. पुतण्याला वाटत होते, टायर फुटले, नशीब. ड्रायव्हरने ती काही तक्रारीच्या सुरात सांगितली नाही, चहा पिता पिता सांगितली. मी कपाकडे बघत बसलो. पुतण्या काही बोलला नाही, पण गाडीत बसल्यावर त्याने आवाज न करता विचारले, "पण नाना, गाडी तर बसली नव्हती ना?"

श्रोतेहो, सगळी मेख या प्रश्नात आहे. गाडी बसते, म्हणजे ती सांगते की मला पुरे झाले. पाटा वाढवला की तिचे तोंड बंद होते. वजन तेवढेच राहते. अॅक्सल तोच, हबचे बेअरिंग तेच, ब्रेकचे लायनर तेच, आणि टायर तेच.

धुळ्याच्या उस्तादांनी गाडीखाली बघितले आणि आमच्या ड्रायव्हरला अहिराणीत म्हणाले, "तुनी गाडी बठी गयी भाऊ." मग मला विचारले, माल किती भरणार? या माणसाने आयुष्यभर पाटेच वाढवून दिले आहेत, तोच त्यांचा धंदा. तरी त्यांनी जे सांगितले ते मी कुठल्या पुस्तकात इतके स्वच्छ वाचलेले नाही.

पाट्यांच्या जुडग्यात वरचा मुख्य पाटा, ज्याच्या टोकांना डोळे असतात. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे. आणि पुष्कळ गाड्यांत सगळ्यांत खाली एक जवळजवळ सरळ जाड पाटा, जो रिकाम्या गाडीत काम करत नाही, वजन आले की टेकतो. म्हणजे जादा पाटा कारखान्याने आधीच दिलेला असतो. सारख्या जाडीचा एक पाटा वाढवला की ताठपणा त्या हिशेबाने वाढतो, पण जाड पाटा टाकला तर हिशेब बदलतो. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा टाकला तर तो एकटा जवळपास दुप्पट ताठ होतो. मग रिकामी गाडी खड्ड्यात उडते, मागची चाके जमीन सोडतात, आणि दणका पाट्याऐवजी चासीला बसतो. भरलेल्या गाडीत केळीच्या फण्यांनाही तो बसतो. पिकल्यावर साल काळी पडते, तेव्हा व्यापारी भाव कापतो आणि आपण हवामानाला दोष देतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ही मला ठाऊक नव्हती. अनेक पिकअपना मागे एक व्हॉल्व्ह असतो. त्याची काडी अॅक्सलला जोडलेली असते. मागची बाजू वजनाने खाली आली की काडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी घसरू नये. आता जादा पाट्यांमुळे गाडी बसलीच नाही, तर व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. हौद्यात २४ क्विंटल, आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे! लळिंगच्या घाटात उतरताना याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको.

बसलेल्या पाट्यांना भट्टीत तापवून पुन्हा बाक देतात, हा स्वस्त मार्ग आहे. तापवल्यावर पाणी नीट चढवले नाही तर चार-सहा महिन्यांत पाटा पुन्हा बसतो, किंवा तडकतो. आम्ही शेवटी दोन्ही बाजूंचे मूळ मापाचे नवे संच घेतले. एकाच बाजूचा बदलला असता तर गाडी उलटीकडे कलली असती. यू बोल्ट, सेंटर बोल्ट आणि बुशही नवे. उस्तादांनी बजावले, पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला या, पाटे जागेवर बसताना ते सैल होतात.

मग टायर. टायरच्या अंगावर सगळे लिहिलेले असते, आपण फक्त कंपनीचे नाव वाचतो. २१५/७५ आर १५ असे असेल तर २१५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ७५ टक्के उंची, रेडियल, १५ इंचांची रिम. त्यानंतरचा आकडा महत्त्वाचा, तो भाराचा. १०८ असेल तर एक टायर १,००० किलो पेलतो, ११२ असेल तर १,१२० किलो. आता गाडी आणि माल मिळून मागच्या अॅक्सलवर २२ क्विंटल येत असतील तर एका चाकावर ११. तिथे १०८ चा टायर मापाने बसेल, पण भाराला पुरणार नाही. दुकानात सर्वांत स्वस्त जोड नेमकी तशी होती. शिवाय चार आकडी तारीख बघावी. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खोबणी कितीही खोल दिसू दे, उन्हात पडून रबर म्हातारे होतेच.

मोठे टायर आम्ही घेतले नाहीत. घेर पाच टक्क्यांनी वाढला तर मीटर ६० दाखवते तेव्हा गाडी ६३ ने पळते, चढावर जोर कमी पडतो, आणि पूर्ण वळणावर टायर घासू शकतो. रबरिंगला माझा सरसकट विरोध नाही. चांगल्या सांगाड्यावर चांगल्या ठिकाणी केलेले एकदाचे रबरिंग मागे चालते. पुढे मात्र नको. आणि हवा! कमी हवेचा टायर आतून मोडत राहतो आणि तापतो. हवा सकाळी थंड टायरची बघावी. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून काढून टाकणारे शहाणे मी पाहिले आहेत.

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा मालाला २० हजार रुपये आणि वर दर टनाला २ हजार असा दंड कायद्यात आला. पण दंडाच्या भीतीने आमच्याकडे फार कमी लोक कमी भरतात.

कारण हप्ता. पुतण्या म्हणाला, "नाना, तुमच्या वहीतला हिशेब मला पटतो. पण बँक पाच तारखेला पैसे कापते. भाडं क्विंटलवर मिळतं. शेजारचा २५ भरतो, मी १७ भरले तर व्यापारी त्याच्याकडे जाईल." एक व्यापारी गेलाही. हे खोटे नाही. माझ्या वहीत एवढेच आहे की २०१० ते ११ या वर्षात जादा मालाचे जे भाडे मिळाले, त्यातले पाऊण टायर, पाटे आणि बेअरिंग यांनी खाल्ले. उरलेले पाव दवाखान्याला पुरले नाही.

घरी आल्यावर आम्ही कॅरेट मोजायला बसलो. पासिंग १७ क्विंटल. त्यातून बसवलेली लोखंडी जाळी ८० किलो, बरोबरची दोन माणसे १२० किलो. उरले १५ क्विंटल. एका कॅरेटमध्ये २० किलो केळी, पण कॅरेटचे स्वतःचे दीड किलो कोणी धरत नाही. ते धरले तर जवळपास ७० कॅरेट होतात. पुतण्याने जाळीला आतून त्या थराच्या उंचीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. जुन्या ड्रायव्हरला त्याने फोन करून तसे सांगितले, हे मला नंतर कळले.

परवा गाडी निघताना मी सहज मागे जाऊन बघितले. रेघ दिसत नव्हती. मी कॅरेट मोजले. ७६ होते. सहा उतरवून घेतले, तो तोंड फिरवून उभा राहिला, आणि ते सहा कॅरेट अजून आमच्या ओट्यावर आहेत. केळी पिकायला लागली आहेत.