सामाईक गच्ची, सौर वीज आणि शेजारी
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अभियंता नाही. बँकेत कारकून आहे, शिक्षण कला शाखेचे. तरीही या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, कारण जुईनगरातील आमच्या इमारतीत सौर विजेवरून जो वाद झाला त्याचे मूळ मीच होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान. बँकेत कर्जाच्या फायली हाताळता हाताळता मलाही मोह झाला. मी वरच्या मजल्यावर राहतो, गच्ची डोक्यावरच. ठेकेदाराकडून मापे घेतली, कागद तयार केले आणि मग सह्यांसाठी शेजाऱ्यांच्या दारी गेलो.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “भाऊ, गच्ची तुमची एकट्याची का?”

मला राग आला. घरी येऊन म्हणालो, लोकांना दुसऱ्याचे बरे पाहवत नाही. पण आकडेमोड हा आमचा धंदा! एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट उन्हाची जागा लागते. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि त्यांची सावली वगळता जेमतेम सहाशे चौरस फूट उरते. घरे बारा. म्हणजे पहिल्या दोघांनीच गच्ची संपवायची आणि उरलेल्या दहांनी वीजबिल भरत बसायचे? काकूंचा प्रश्न बिनतोड होता. गच्ची संस्थेची असते. ती कोणाला वापरू द्यायची हे सर्वसाधारण सभेत ठरायला हवे, जिन्यात सह्या गोळा करून नव्हे.

बाकीच्या आक्षेपांत काही निराधार होते. तावदानांनी डोळे दिपतील, असे एकाचे म्हणणे. सौर तावदान उजेड शोषून घेते, तेव्हाच वीज होते; त्याची काच कमीत कमी चकाकावी अशीच बनवतात. गळतीची भीती मात्र खरी. स्लॅबला छिद्रे पाडली की पावसाळ्यात पाणी झिरपणारच. सिमेंटचे ठोकळे ठेवून सांगाडा बसवता येतो, पण जुन्या स्लॅबला ते वजन पेलेल का, हे अभियंत्याने तपासावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात घरांचे पत्रे कसे उडाले, हे आपण विसरलेलो नाही. पवनचक्कीचा विचार इमारतींच्या गर्दीत सोडूनच द्यावा; वारा तुटक मिळतो आणि खांबाची थरथर खालच्या घरात उतरते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही टेप आणि खडू घेऊन गच्चीवर जा. डिसेंबरात सावली सर्वांत लांब पडते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ती आखून ठेवा. सभेत निम्मा वाद तेथेच मिटेल.

आता आमचा प्रस्ताव असा आहे : तीन किलोवॅटचा संच संस्थेच्या नावे, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी. दिवसाला सरासरी बारा युनिटे, पावसाळ्यात कमी. सामाईक सोयींना किलोवॅटमागे १८,००० रुपये, म्हणजे ५४,००० रुपये अनुदान. माझ्या एकट्याच्या अनुदानापेक्षा कमीच. पण बिल बाराही घरांचे उतरेल आणि काकूंच्या पापड-कुरडयांना अर्धी गच्ची राहील.

एका गृहस्थांनी अद्याप होकार दिलेला नाही. योजनेत पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, पण गळतीची जबाबदारी त्यांना वेगळी लेखी हवी आहे. मी त्यांना आडमुठे म्हणालो होतो. तो करारनामा सध्या मीच लिहीत आहे.