थुंकी नको, बेडका द्या

नंजनगूडहून बोलतोय, कपिला नदीच्या काठच्या गावातून. निवृत्तीनंतर इथंच स्थायिक झालोय. आज क्षयाच्या तपासणीबद्दल सांगणार आहे, पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी कंपनी कमांडर होतो. एक जवान तीन आठवडे खोकत होता. काचपट्टीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तो बघून मी त्याला ड्यूटीवर पाठवलं. पुढं अडीच महिन्यांनी त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं, आणि तोवर शेजारच्या खाटेवरचाही आजारी. नंतर तो मला म्हणाला, "साहेब, डबीत थुंकायला सांगितलं, मी थुंकलो."

बघा, घोळ शब्दातच आहे. इथं कानडीत या तपासणीला कफ परीक्षा म्हणतात. आपण मराठीत सर्रास म्हणतो थुंकी तपासणी. अहो, थुंकी म्हणजे तोंडातली लाळ! जंतू सापडतात ते छातीतून निघालेल्या बेडक्यात. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब जा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि पोटापासून खोका. घट्ट, चिकट असं चमचाभर आलं, की तो नमुना. लाज वाटते, मान्य आहे. पण डबीत नुसती लाळ असेल तर तंत्रज्ञ तरी काय करणार?

तो बेडका काचेवर पसरतो, वाळवतो, लाल रंग ओतून खालून गरम करतो, मग आम्लानं धुतो. बाकी सगळ्याचा रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूचं कवच मेणासारखं, त्याचा लाल रंग सुटत नाही. वरून निळा रंग दिला की निळ्यात लाल काड्या दिसतात. निगेटिव्ह म्हणण्याआधी भिंगाखाली 100 जागा बघाव्या लागतात. गस्तीचंच काम म्हणा ना.

तरीही एका मिलिलिटरमध्ये साधारण 5,000 ते 10,000 जंतू असल्याशिवाय ते काचेवर सहसा दिसत नाहीत. म्हणून निगेटिव्ह म्हणजे क्षय नाहीच, असं धरू नका. खोकला चालूच राहिला तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करायला सांगा. ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातली कंपनी बनवते. या चाचण्यांना कमी जंतूही सापडतात, रिफॅम्पिसिन लागू पडेल का तेही कळतं. मात्र त्या मेलेल्या जंतूंचाही अंश पकडतात, म्हणून उपचार सुरू झाल्यावर प्रगती बघायला काचपट्टीच वापरतात.

माझा तो जवान पूर्ण बरा झाला. शेजारच्या खाटेवरच्याचं फुप्फुस मात्र अधू राहिलं. त्याची मेडिकल कॅटेगरी उतरली आणि हवालदारकी हुकली.